शेवंतीची पत्रावळ

डोंगराच्या पायथ्याला, जिथे गाडीरस्ता संपतो आणि नुसती पायवाट उरते, तिथे एक कौलारू घर होतं. त्याला सगळे फुलघर म्हणायचे. ज्या मुलांना आई नाही, बाप नाही, अशी मुलं तिथे राहायची. त्यांना सांभाळायची माई. माई उंचीने एवढीशी, पण तिची हाक पार ओढ्यापलीकडे ऐकू जायची.

नवं मूल घरी आलं की माई आधी अंगणात जायची. आज काय फुललंय ते बघायची आणि त्या फुलाचं नाव त्या मुलाला द्यायची. म्हणून एकाचं नाव गोकर्ण, एकीचं अबोली, आणि उंच सडपातळ मुलाचं नाव बहावा. आपल्या गोष्टीतली मुलगी आली त्या दिवशी कुंपणाजवळ पिवळीधमक शेवंती फुलली होती. म्हणून ती शेवंती.

फुलघरात खायला थोडं असायचं. नाचणीची भाकरी, लसणाची चटणी, कधी पातळ आमटी. पण माईचा एक रिवाज होता. पंगत बसली की कुणी लगेच घास घ्यायचा नाही. आधी शेजारच्याला विचारायचं, "तुझ्या पानात वाढलं का?" त्याने "वाढलं" म्हटलं की त्याने पुढच्याला विचारायचं. असं शेवटपर्यंत जायचं. मगच पहिला घास.

"असं का गं माई?" गोकर्ण विचारायचा. त्याला भूक फार लागायची.

"आपल्याला विचारायला दुसरं कोण येणार आहे?" माई म्हणायची. "म्हणून आपणच आपल्याला विचारायचं."

वाढायचं काम शेवंतीचं. ती सगळ्यांना वाढायची आणि मागून, पातेल्यात उरेल ते, चुलीजवळ बसून खायची. तिला त्याचं काही वाटायचं नाही. सगळ्यांची तोंडं हलायला लागली की तिचं निम्मं पोट भरायचं.

मुलं पळसाच्या पानांच्या पत्रावळी टाचायची. मधे एक मोठं पान, भोवती इतर पानं, आणि बांबूच्या बारीक काड्यांनी टाके. अबोलीचे टाके मुंगीच्या पावलांसारखे इवलेइवले. बहाव्याचे लांब लांब. गोकर्णाचे असे वाकडेतिकडे की बहावा म्हणायचा, "तुझ्या पत्रावळीत आमटी वाढली तर ती वाट विचारत फिरेल."

टाचलेल्या पत्रावळी वाळवून, त्यांचे गठ्ठे बांधून शेवंती बाजारात न्यायची. तिथे भिवाशेठ त्या विकत घ्यायचा. माणूस वाईट नव्हता, पण जीभ फार मोकळी. प्रत्येक वेळी विचारायचा, "कुणाची गं तू? नाव सांग की बापाचं!" आजूबाजूचे हसायचे. शेवंती खाली बघायची. उत्तर तिला ठाऊकच नव्हतं.

एका वर्षी चैत्र संपता संपता वळवाचं वादळ आलं. ढग गडगडले, वारा घोंगावला, आणि फुलघराचं छप्पर निम्म्याहून अधिक उडून गेलं. माईने भिजलेल्या मुलांना पोटाशी धरलं. पण पुढे पावसाळा होता. आता इतकी मुलं ठेवायची कुठे? माईने गावोगाव निरोप धाडले. चांगल्या घरांतून माणसं आली. कुणी या मुलाला घेऊन गेलं, कुणी त्या. शेवटी चौघंच राहिली. गोकर्ण, अबोली, बहावा आणि शेवंती. त्यांनाही दुसऱ्या दिवशी जायचं होतं. एक जण घाटावर, एक समुद्राकडे, एक डोंगरापलीकडच्या गावाला. शेवंतीलाही एका खेळणी करणाऱ्या जोडप्याने मागितलं होतं. पण माईला दिसायला कमी झालं होतं. शेवंती म्हणाली, "मी माईजवळच राहीन. तिला चूल कोण पेटवून देईल?"

मुलं जायच्या आदल्या दिवशी सकाळी शेवंती पानं आणायला रानात गेली. एकटीच. रान अगदी हसत होतं. पळसाला पोपटी, मऊमऊ, चिमुकली पानं फुटली होती. उन्हाचे कवडसे गवतावर नाचत होते. फुलांचा हंगाम सरला होता, तरी एका पळसाच्या शेंड्यावर एक फूल उरलं होतं. केशरी, चमचमतं, पोपटाच्या चोचीसारखं.

त्या झाडाखाली शेवंतीने फडक्यात बांधलेली चटणी-भाकरी सोडली. पण घास तोंडाकडे जाईना. उद्यापासून कुणाला विचारायचं? तिने इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. तरी सवयीने तिने सगळ्या रानालाच विचारलं, "कुणाच्या पानात वाढायचं राहिलंय का?"

"माझ्या!" वरून एक इवलासा आवाज आला.

शेवंती दचकली. ते केशरी फूल हललं, उघडलं, आणि त्यातून अंगठ्याएवढी एक परी बाहेर आली. तिचा झगा पाकळीचा होता. पंख चतुराच्या पंखांसारखे पातळ, त्यांत निळे-जांभळे रंग झुळझुळत होते. केसांत दवाचा मणी चमकत होता. ती भिरभिरत खाली आली आणि शेवंतीच्या गुडघ्यावर बसली.

"केव्हाची भूक लागलीये," ती म्हणाली. "या झाडाखाली किती माणसं जेवून गेली. पण एकानेही विचारलं नाही बघ."

शेवंतीने भाकरी मोडली. मोठा तुकडा तिला दिला. तो परीपेक्षाही मोठा होता.

"अगं, मी याच्याखाली चेंगरेन!" परी खुदकन हसली. तिने एक कण घेतला, चटणीला लावला, आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "बाई गं! केवढी तिखट!"

शेवंतीलाही हसू आलं. वादळ झाल्यापासून ती पहिल्यांदा हसली.

परीने डोळे पुसले. "मला विचारलंस, म्हणून तुझी एक इच्छा मी पुरी करीन. पण नीट ऐक. ती तुझ्या एकटीसाठी असली तर दवासारखी वाळून जाईल."

शेवंतीला विचार करायची गरजच नव्हती. "आमची ताटातूट होऊ देऊ नकोस."

परीचा चेहरा मवाळ झाला. "फांदीवरून निघालेली पानं मला परत फांदीला लावता येत नाहीत, शेवंती. पण निघालेली पानं एकत्र टाचता येतात. ते तर तुलाच येतं."

शेवंतीने मान हलवली. मग हळूच म्हणाली, "मग आम्हाला परत एका पंगतीत बसू दे. आम्ही चौघं आणि माई."

"बसाल," परी म्हणाली. "पण याचे नियम आहेत. तू त्यांना बोलावणं धाडायचं नाहीस, आणि ही गोष्ट कुणाला सांगायची नाहीस. ते जिथे असतील तिथे शेजारच्याच्या पानाची विचारपूस करत राहिले, आणि एखाद्या दिवशी तुम्ही चौघांनी ती एकाच क्षणी केली, तर त्या क्षणी मी निरोप पोचवीन. त्यांच्यातलं कुणी विसरलं, तर मात्र मी काही करू शकत नाही."

"ते विसरणार नाहीत," शेवंती म्हणाली. पण तिचा आवाज जरा कापला.

"आणि एक. पंगत बसेल त्या दिवशी तिच्यातलं कुणीही पानावाचून राहता कामा नये. सूर्य डोंगराआड जाईपर्यंत एक जरी राहिलं, तर इच्छा वाऱ्यावर उडून जाईल. पुन्हा येणार नाही."

परीने झग्यातून एक काडी काढली. पत्रावळीच्या काडीएवढीच बारीक, पण सोन्याची. "ही जवळ ठेव. हिच्यात चमक आहे तोवर समज, अजून कुणी विसरलेलं नाही."

एवढं बोलून ती फुलात शिरली आणि फूल मिटलं.

दुसऱ्या दिवशी गाड्या आल्या. मुलं गेली. गोकर्ण वळणापर्यंत मागे बघून ओरडत होता, "शेवंते, माझ्या वाटची आमटी ठेव गं!" शेवंतीने हात हलवला. मग घरात येऊन चूल पेटवली.

वर्षं गेली. शेवंती मोठी झाली. तिने पत्रावळी टाचल्या, विकल्या, आणि चार कौलं आज, चार उद्या, असं करत माईच्या खोलीपुरतं छप्पर नीट केलं. सोन्याची काडी तिने अंबाड्यात खोवून ठेवली होती. दर फाल्गुनात अंगणाच्या कडेचा पळस फुलला की ती अंगण सारवायची, रांगोळी काढायची आणि पत्रावळी मांडायची. एक माईची, एक गोकर्णाची, एक अबोलीची, एक बहाव्याची. संध्याकाळी माई एकटीच जेवायची. उरलेलं चिमण्या खायच्या. गावातले लोक म्हणायचे, "शेवंतीबाई वाऱ्याला जेवायला घालते."

माईला आता अजिबात दिसत नव्हतं. ती विचारायची, "कशाला मांडतेस गं पोरी? ती आता मोठी माणसं झाली असतील."

"असू दे की माई. मोठ्या माणसांनाही भूक लागते."

दिवसा तिचं मन घट्ट असायचं. पण दिवेलागणीला कधीकधी ती अंबाड्यातली काडी काढून बघायची. गोकर्ण विसरला असेल का? अबोलीला आठवत असेल का? काडी मंद चमकत असायची. मग ती डोळे पुसून माईपुढे भाकरी ठेवायची आणि विचारायची, "माई, वाढलं का गं?"

आणि एका फाल्गुनात, भर दुपारी, पायवाटेच्या टोकाला पों-पों असा आवाज झाला. निळाशार ट्रक उभा होता. त्याला रंगीत गोंडे, घुंगरं आणि आरशावर झेंडूची माळ. त्यातून ढेरीवाला, मिशीवाला एक माणूस उतरला आणि धावतच आला.

"शेवंते! आमटी ठेवलीस का माझी?"

शेवंतीच्या हातातली कळशी खाली पडली. "गोकर्णा! अरे, केवढा झालास!"

"रुंदीनेच झालो," गोकर्ण म्हणाला. तो माईच्या पायाशी बसला. माईने त्याच्या डोक्यावरून, नाकावरून हात फिरवला आणि म्हणाली, "नाक पुसलंस का रे?" तसा तो रडता रडता हसायला लागला.

त्याच्या मागोमाग आली अबोली. केशरी काठाचं लुगडं, खांद्याला पिशवी. डोंगरापलीकडच्या दवाखान्यात ती परिचारिका होती. आणि उन्हं कलताना आला बहावा, अजून तसाच उंच, दाराला वाकून आत शिरणारा. तो समुद्रकाठच्या दीपगृहात दिवा लावायचा. अंधारात वाट चुकलेल्या होड्या त्याचा दिवा बघून घरी यायच्या.

"पण तुम्ही सगळे आजच कसे?" माईने विचारलं.

"काय सांगू माई," गोकर्ण म्हणाला. "काल रात्री ढाब्यावर जेवायला बसलो होतो. शेजारी एक पोऱ्या होता. आपल्या सवयीने त्याला विचारलं, तुझ्या ताटात वाढलं का रे? तेवढ्यात माझ्या डाळीत वरून पळसाची पाकळी पडली. आसपास पळसाचं झाड नाही हं! ती पाकळी बघितली आणि ट्रक इकडेच वळवला."

अबोली हळूच म्हणाली, "माझ्याही ताटात पडली. एका आजारी बाळाच्या आईला विचारत होते, तुम्ही जेवलात का म्हणून."

बहावा म्हणाला, "माझ्याही ताटात. पण दीपगृहात तर मी एकटाच असतो. शेजारी कुणी नाही. म्हणून मी रोज खिडकीतून समुद्राला विचारतो."

"समुद्र काय म्हणतो?" गोकर्णाने विचारलं.

"म्हणतो, वाढलंय, पण मीठ जास्त झालंय."

सगळे खदखदून हसले. शेवंती चुलीकडे तोंड करून उभी होती. तिच्या डोळ्यांतून घळघळ पाणी वाहत होतं आणि छाती अभिमानाने भरून आली होती. एकही जण विसरला नव्हता. लांबलांबच्या गावांत, परक्या माणसांत, कुणी बघत नसतानाही ते विचारत राहिले होते. ही आपली माणसं!

मग केवढी धांदल उडाली. गोकर्णाने गुळाची ढेप आणली होती. अबोलीने लापशी केली. बहाव्याने पाणी भरलं. अंगणावर केशरी फुलांचा सडा पडला होता. शेवंतीने पत्रावळी मांडल्या. एक माईची, एक गोकर्णाची, एक अबोलीची, एक बहाव्याची. परीची आठवण ठेवून एक एवढासा द्रोणही मांडला. सगळे बसले. शेवंतीने गरम, सोनेरी लापशी वाढली, वर तुपाची धार धरली. सूर्य डोंगराच्या खांद्यावर आला होता.

"गोकर्णा, तुझ्या पानात वाढलं का?" माईने खणखणीत आवाजात विचारलं.

"वाढलं! अबोले, तुझ्या पानात?"

"वाढलं. बहाव्या, तुझ्या?"

"वाढलं," बहावा म्हणाला, आणि पुढच्याला विचारायला वळला. तिथे मोकळी, सारवलेली जमीन होती.

बहावा थांबला. "शेवंते, तुझं पान कुठंय?"

"माझं? मी वाढतेय ना. मी मागनं खाईन."

ती असं म्हणाली आणि तिच्या अंबाड्यातल्या काडीची चमक एकदम मंदावली. गार वाऱ्याची झुळूक आली. अंगणातल्या फुलांचा रंग फिका पडायला लागला. तेव्हा शेवंतीच्या मनात लख्ख उजेड पडला. पंगतीतलं कुणीही पानावाचून राहता कामा नये, असं परी म्हणाली होती. इतकी वर्षं तिने सगळ्यांची पानं मांडली, आणि आपलं मांडायला ती दरवर्षी विसरली होती!

ती घरात धावली. पण सगळे गठ्ठे बाजारात गेले होते. एक पत्रावळही उरली नव्हती. ती झाडाकडे धावली. पळस फुलांनी पेटला होता, पण फुलायच्या दिवसांत पळसाला पान नसतं. फांद्या उघड्या. आणि परीची गोष्ट कुणाला सांगायची नाही! सूर्याची खालची कड डोंगराला टेकली.

"असू दे," ती पडल्या आवाजात म्हणाली. "तुम्ही जेवा."

"कसं असू दे?" अबोली ताडकन उठली. लहानपणी ती कधी मोठ्याने बोलली नव्हती. आज तिचा आवाज अंगणभर घुमला. "तू रोज चुलीपाशी बसून पातेल्याच्या तळाची खरवड खायचीस. आम्ही लहान होतो, आम्हाला कळलं नाही. आता कळतं. तुझ्या पानात वाढल्याशिवाय मी घास घेणार नाही."

"मीही नाही," बहावा म्हणाला.

गोकर्णाने लापशीकडे एकदा कळवळून पाहिलं. "मीही नाही," तो म्हणाला.

मग अबोलीने आपली लापशी एका बाजूला सारली आणि आपल्या पत्रावळीच्या कडेचं एक पान अलगद सोडवलं. बहाव्याने आपल्यातलं सोडवलं, गोकर्णानेही. माईने बोटांनी चाचपून आपल्या पत्रावळीतलं सगळ्यात रुंद पान काढलं. "हे मधे लाव," ती म्हणाली. "मधलं पान घरच्या म्हाताऱ्या माणसाचं."

"काड्या?" बहावा म्हणाला.

शेवंतीने अंबाड्यातली सोन्याची काडी काढली. इतकी वर्षं जपलेली. तिने क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि कटकन मोडली. तुकडे सगळ्यांच्या हातांत दिले.

किती वर्षांनी ते हात पत्रावळीला लागले होते! अबोलीने मुंगीच्या पावलांसारखे टाके घातले. बहाव्याने लांब टाका घातला. गोकर्णाच्या जाड बोटांतून टाका तेव्हासारखाच वाकडा आला.

"आमटी वाट विचारेल," बहावा पुटपुटला.

"आज लापशी आहे," गोकर्ण म्हणाला. "ती जागची हलत नाही."

सूर्याची नुसती कोर राहिली होती. त्यांनी पत्रावळ बहाव्याच्या शेजारी ठेवली. शेवंतीचे खांदे धरून तिला बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा ती पंगतीत बसली. अबोलीने लापशी वाढली, गोकर्णाने तूप, बहाव्याने पाण्याचा तांब्या ठेवला. मग बहावा आपल्या जागी बसला आणि वाकून विचारलं,

"शेवंते, तुझ्या पानात वाढलं का?"

शेवंतीने पत्रावळीकडे पाहिलं. "वाढलं," ती म्हणाली.

त्याच क्षणी पत्रावळीतले सोन्याचे टाके झगमगले. झाडावरचं प्रत्येक फूल दिव्यासारखं उजळलं. फुलाफुलातून केशरी, गुलाबी, सोनेरी किरणं निघाली, आणि त्या उजेडात चिमुकली परी भिरभिरत खाली आली. आता ती सगळ्यांना दिसली. डोळ्यांनी न दिसणाऱ्या माईनेही मान वर केली आणि म्हणाली, "अगंबाई, किती उजेड पडलाय!"

परी द्रोणाच्या काठावर बसली. एक कण चाखून म्हणाली, "आज गोड आहे."

मग ती शेवंतीकडे वळली. "मी नुसती पाकळी टाकली. बाकी सगळं तुमचं तुम्हीच केलंत. मला तुमचा अभिमान वाटतो. आता ही गोष्ट खुशाल सांग. आणि या झाडाला मी एक देणं देऊन जाते. तुमच्या दारी येणारं कुणीही पानावाचून परत जाणार नाही."

तिने पंख झटकले. उजेडाचा एक लोट वर गेला, फांद्याफांद्यांतून फिरला, चांदण्यांसारखा विखुरला आणि विरला. परी दिसेनाशी झाली. आणि पळसाच्या उघड्या फांद्यांवर, त्या धगधगीत फुलांच्या मधोमध, हिरवीगार, रुंद, तजेलदार पानं डोलायला लागली. फुलं आणि पानं एकाच वेळी! असं त्या रानात कुणी पाहिलं नव्हतं.

थोड्या वेळाने पायवाटेने काठी टेकत भिवाशेठ आला. म्हातारा झाला होता. जीभ तशीच मोकळी होती.

"अगं, आग लागली काय इथे? बाजारातून उजेड दिसला!" त्याने निळा ट्रक पाहिला, पंगत पाहिली. "आणि ही एवढी माणसं? कुणाची गं ही?"

शेवंतीने या वेळी खाली पाहिलं नाही. तिने मान ताठ केली. एका बाजूला बहावा होता, मग अबोली, मग गोकर्ण, मग माई.

"एकमेकांची," ती म्हणाली.

भिवाशेठ दोन पावलं पुढे आला. तो काठीवर हनुवटी टेकून पंगतीकडे बघत राहिला.

"उभे का शेठ?" गोकर्ण म्हणाला. "बसा की."

बहाव्याने उभ्या उभ्या हात वर करून ताजी पानं तोडली. अबोलीने ती टाचली. पुढच्या पावसाळ्याच्या आत त्या सगळ्यांनी मिळून फुलघराचं सगळं छप्पर नवं केलं, आणि माईच्या हाकेला ओ द्यायला तिथे पुन्हा लहान लहान मुलं आली. पण ते पुढचं. त्या संध्याकाळी भिवाशेठ अवघडून मांडी घालून बसला, आणि त्याच्या शेजारून शेवंतीने विचारलं,

"शेठ, तुमच्या पानात वाढलं का?"